‘त्याचा इथं काही संबंध नाही’ असं लिहिणाऱ्या ताईंना

ताई, तुमचं चार पानांचं पत्र वाचलं. मुलगी चर्चची सिस्टर, म्हणजे नन झाली, सव्वीस वर्षांची आहे, नर्सिंग केलंय, आणि आता तिच्या संस्थेनं तिला श्रीलंकेत, जाफन्याला पाठवायचं ठरवलंय. त्याआधी पंधरा दिवस ती गावी येणार. बातमी आल्यापासून तिचे बाबा कोणाशी धड बोलत नाहीत, फक्त एवढंच म्हणतात की जगात कुठंबी जाय म्हणा, तिथं नको. आणि तुम्ही मला विचारून राहिल्या की मोठ्या सिस्टरला पत्र कसं लिहावं म्हणजे देश बदलून मिळेल.

ते मी सांगणार नाही.

कारण तिसऱ्या पानावर, सोयाबीनच्या भावाच्या आणि धाकट्याच्या बारावीच्या मधे, तुम्ही कंसात एक ओळ लिहिली आहे. ‘हे महार रेजिमेंटला होते, ८७ ते ८९ तिकडेच होते, पण त्याचा इथं काही संबंध नाही.’ अहो बाई, संबंध नाही कसा? सगळं पत्रच त्या एका ओळीचं आहे!

जुलै १९८७ मधे राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला, आपली फौज शांतता राखायला म्हणून गेली, आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत जाफन्यात तमिळ वाघांशी, म्हणजे एलटीटीईशी, गल्लीगल्लीत लढाई सुरू झाली. तुमचे यजमान तेव्हा वीस-एकवीसचे असतील, आज आपल्या गावात त्या वयाची पोरं पारावर मोबाईल घेऊन बसतात. त्यांच्याच रेजिमेंटचे मेजर परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ ला तिथं पडले, त्यांना परमवीर चक्र मिळालं. मार्च १९९० मधे शेवटची तुकडी परत आली तोवर आपले हजाराच्या वर जवान गेले होते, आणि परत आलेल्यांना कोणी काही विचारलं नाही, ना सरकारनं ना गावानं. ना घरानं.

आता इथं मी तुमच्यावर रागावणार आहे. तुम्हीच लिहिलंय की पोरगी लहानपणी विचारायची, बाबा लंकेत काय करत होते, आणि तुम्ही तिला गप्प करायच्या, बाबांना त्रास होतो म्हणून. तुमचा हेतू चांगला असेल, पण त्यांचा त्रास त्यानं कमी झाला का? पस्तीस-छत्तीस वर्षं तो माणूस तुमच्या घरात एकटा पडला आणि दाराशी राखण तुम्ही केली. तुम्हाला ऐकायची भीती वाटत होती, तीही त्यांच्या नावावर खपवली. आज तेच सगळं बाहेर येऊन राहिलं, तर तुम्ही परत झाकायला निघाल्या, यावेळी मोठ्या सिस्टरच्या हातून.

आणि पोरीला तर माहीत पाहिजेच. चेन्नईवरून जाफन्याला जाणारं विमान पलालीला उतरतं. पलाली म्हणजे तेव्हा आपल्या फौजेचा तळ, तिच्या बाबांना विचारा, ते नाव त्यांना सांगावं लागणार नाही. ती जिथं काम करणार तिथल्या म्हाताऱ्या लोकांनाही ती वर्षं आठवतात, आणि आपल्या फौजेबद्दल त्यांची आठवण चांगली नाही. २१ आणि २२ ऑक्टोबर १९८७ ला जाफन्याच्या मोठ्या दवाखान्यात आपल्या सैनिकांच्या गोळीबारात डॉक्टर, नर्स, पेशंट मेले. मी तुमच्या यजमानांवर आरोप करून नाही राहिली, ते तेव्हा कुठं होते हे मला माहीत नाही. पण तुमची पोरगी नर्स आहे ताई. एक ना एक दिवस पलंगावरची कोणी आजी तिला विचारणारच, तू इंडियाची का, तुमच्यातलं कोणी आलं होतं का इथं? तेव्हा तिनं काय सांगावं? आईनं विचारू दिलं नाही म्हणून?

सिस्टर लोकांना जोसेफ वाझ पाठ असतात. गोव्याचे फादर, १६८७ ला, तेव्हा तिथं राज्य असलेल्या डचांची नजर चुकवत फाटक्या कपड्यांत जाफन्यात पोचले, २०१५ ला पोपनी कोलंबोत त्यांना संत केलं. ते तिला शिकवलं असेलच. त्यांच्यानंतर बरोब्बर तीनशे वर्षांनी तिचा स्वतःचा बाप बंदूक घेऊन त्याच मातीत उतरला, हे मात्र तिला कोणी धड सांगितलं नाही. पाठवणारी संस्था असली तरी तिच्याही मनात तिथं जायची ओढ असेल, याचा तुम्ही एकदा तरी विचार केला का? मला वाटते, बापाबद्दल तुम्ही जे विचारू दिलं नाही तेच शोधायला ती चालली.

तर एकच करायचं. ती घरी आली की पहिल्याच रविवारी, चर्चवरून आल्यावर, बापलेकीला शेतावर पाठवा, पऱ्हाटी पाहून या म्हणा, आणि तुम्ही घरीच थांबा. आदल्या रात्री यजमानांना फक्त एवढं बोला, ‘अजी, तिला सांगा, मी आता मधे बोलणार नाही.’ ते चिडतील, चिडू द्या. पहिल्या दिवशी काहीच सांगणार नाहीत, तर दुसऱ्या दिवशी परत पाठवा, पंधरा दिवस आहेत. गावांची नावं, सोबत्यांची नावं, कोण परत आलं, कोण नाही, जे निघेल ते निघू द्या. कोलंबोजवळ पार्लमेंटच्या बाजूला आपल्या जवानांचं स्मारक आहे, त्यावर नावं कोरली आहेत, त्यातलं एखादं नाव त्यांच्या ओळखीचं असेल तर पोरगी तिथं फूल ठेवून येईल, हे त्यांना जरूर सांगा.

आणि मोठ्या सिस्टरला लिहिलेलं पत्र तयार असेल तर ते आजच फाडा.