क्वाडच्या रेसमध्ये स्टार्टला मागे पडतो, पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी करू का?

तुम्ही लिहिलंय की घरी बनवलेली क्वाड, म्हणजे चार चाकांची मोटरसायकलच, आहे, मोटरसायकलचं इंजिन बसवलंय, नंतर गाडी चांगली पळते पण पहिल्या वळणावर दर वेळी शेवटून दुसरे पोचता, तर पिकअपसाठी पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे इंजिनाकडचं चेनचं दातेरी चाक, एक दात कमी करू का. नका करू भाऊ. खरं तर उत्तर एवढंच होतं, पण ते "एक दात कमी" वाचलं आणि ताट बाजूला सारून लिहायला बसलो, कारण हाच एक दात आमच्या घरात २०१९ पासून दुखतोय.

मी धामणगाव रेल्वेच्या बाजूचा. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, काय असतो हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तळेगाव दशासरचा पट तर सगळ्यांनी ऐकलाय, आमच्या गावचा त्याच्यापुढे नखाएवढा, पण होता. २०१४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाची बंदी आली ती थेट डिसेंबर २०२१ ला उठली, मधली सगळी वर्षं पटाचं मैदान मोकळं पडलेलं, आणि मोकळं मैदान दिसलं की पोरांना काय सुचतं ते माहीतच आहे. आधी मोटरसायकली पळवल्या, मग शेजारच्या गावच्या एकानं कुठूनतरी क्वाड आणली, मग बघता बघता आठ झाल्या, त्यातल्या सहा गॅरेजमध्ये जन्मलेल्या. पटाचं मैदान सरळ, म्हणून दोन्ही टोकांना ड्रम ठेवले आणि फेऱ्या. त्यामुळे आमच्याकडे पहिल्या ड्रमला जो आधी वळला त्याला मागून काढणं महाकठीण, सगळा खेळ सुटण्यावर.

माझी गाडी भाऊजींनी बनवली. बहिणीचा नवरा, आर्वीकडे गॅरेज आहे, आणि हात सोन्याचा आहे माणसाचा हे मी आजही म्हणतो. पल्सर १८० चं इंजिन, मागे सलग अ‍ॅक्सल, चेन, अ‍ॅक्सलवर स्प्रॉकेटसुद्धा बाईकचंच बसवलेलं. आता इथंच गोम आहे, नीट वाचा, कारण तुमच्याही गाडीत बहुतेक हेच झालंय. पल्सरचं मागचं चाक टायर धरून २४ इंचाच्या आसपास. क्वाडचं मागचं टायर १८ इंच. म्हणजे स्प्रॉकेट तेच ठेवलं तरी प्रत्येक गेर आपोआप पाव हिश्श्यानं आखूड होतो, म्हणजे जोर जास्त, वेग कमी. पुढचा दात कमी केला तरी हेच होतं. पहिला गेर म्हणजे मग नांगरायचा गेर, ट्रॅक्टरच्या लो सारखा. त्याच्यावर भाऊजींनी पुढचा एक दात आणखी कमी केला, "पिकअप"साठी! मी म्हटलं भाऊजी, आधीच आखूड आहे, तर म्हणाले, "साळेबुवा, गाडी कोनं बनवली? तुमी की मी?" आता जावयाच्या तोंडाला कोण लागणार. आई आतून ओरडली, "चाय घ्या बाप्पा आधी."

रेसच्या आदल्या संध्याकाळी माती उडू नये म्हणून कोणीतरी पाण्याचा टँकर फिरवला. आमचं मैदान अर्धं मुरमाड, रस्त्याच्या बाजूचं, आणि ओढ्याकडचं अर्धं भारी काळं. मुरमावर पाणी पडलं की तो बसतो, धरतो, उलट चांगलाच होतो. काळ्या मातीवर पडलं की वरचा दोन बोटं थर लोण्यासारखा आणि खाली दगड. सकाळी मी चालत जाऊन पाहिलं, चपलेला एवढा गोळा चिकटला की चप्पल उचलेना. चिठ्ठ्या टाकल्या त्यात माझा नंबर दुसरा निघाला, म्हणजे जागा निवडायला मी दुसरा. मला मुरमाच्या कडेला उभं राहायचं होतं, ड्रमपासून लांब पडतं पण चाक धरतं. भाऊजी म्हणाले आतली बाजू घे, ड्रम जवळ. आतली बाजू म्हणजे ओढ्याकडची, काळी. घेतली.

आणि गेर. मी दुसऱ्यावर काढणार होतो. गाडी लायनीत लागली, इंजिन चालू, आणि भाऊजी दोरीच्या पलीकडून हातवारे करून ओरडतायत, "पयल्यावर काहाड बे! पयला गेर निंघाले देल्ला हाये कंपनीनं, दुसरा पयाले!" सगळं मैदान हसलं. मी खाली मारला पहिला.

झेंडी पडली. पहिल्या एका सेकंदात माझी गाडी वीतभर पुढे आणि वीतभर खाली गेली. कोंबडी उकिरडा उकरते तशी मागची दोन्ही चाकं उकरायला लागली, सलग अ‍ॅक्सल असल्यामुळे दोन्ही एकदम, कोणी कोणाला सावरायला नाही. टायरच्या खाचा चिखलानं भरल्या की ते टायर मग गुळगुळीत नळकांडं. इंजिन आकाशात ओरडतंय आणि गाडी जागेवर, मग दुसरा टाकला तेव्हा कुठं ती निघाली, पण तोवर बाकीच्यांच्या मागच्या चाकांचा चिखल माझ्या गॉगलवर. डाव्या हाताने पुसला तर पसरला. पहिल्या ड्रमला आठात सातवा. शेवटी पाचवा आलो, फेऱ्यांमध्ये दोघांना काढलं म्हणून.

संध्याकाळी घरी जेवताना भाऊजी काय म्हणाले असतील? "तुहा आंगठा भेला." म्हणजे मी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला नाही, घाबरलो. क्वाडला मोटरसायकलसारखी पिळायची मूठ नसते, उजव्या अंगठ्यानं दाबायची पट्टी असते, म्हणून "आंगठा". तेव्हापासून प्रत्येक लग्नाला, प्रत्येक तेराव्याला, पोळ्याला, चार लोक जमले की हा अंगठ्याचा किस्सा निघतो. माझ्या भाच्यालासुद्धा पाठ आहे. अहो, अंगठा भेला असता तर चाकं उकरली कशी? जास्त दाबला गेला म्हणून तर उकरली!

तर तुमच्यासाठी. दुसऱ्या गेरवर सुटायचा सराव करा. ही काही माझी शोधलेली गोष्ट नाही, यामाहा वायएफझेड ४५० आर सारख्या खऱ्या रेसिंग क्वाडवाले बरेच जण दुसऱ्यावरच काढतात, कारण सुटल्या सुटल्या ज्या क्षणी जोर पाहिजे त्याच क्षणी गेर बदलायची वेळ येऊ नये. तुमच्या इंजिनात तेवढा दम नसेल असं वाटतं ना, पण तुमचा दुसरा गेर छोट्या चाकांमुळे आधीच जवळपास पहिल्यासारखा झालाय, हिशोब वर दिलाय. क्लच दोन बोटांनी धरायचा, जिथं गाडी ओढायला सुरुवात करते त्या जागेवर अडवून, उजव्या पायानं ब्रेक दाबून, आणि रेस, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, एकसारखी धरायची, बरेच जण लायनीत उभं राहून घ्यांव घ्यांव करतात त्यानं फक्त पब्लिक खूश होते. पाय दोन्ही फूटरेस्टवरच, चार चाकांची गाडी आहे, ती काही पडत नाही, पाय खाली सोडला तर तुमच्याच मागच्या चाकाखाली जाईल. पोट टाकीला लावून पुढे झुका, मुरमावर असाल तर चांगलं पुढे, नाहीतर पुढची चाकं उचलतात, उचललीच तर अंगठा सोडू नका, क्लच थोडा ओढा. ओल्या काळ्या मातीवर मात्र जरा मागे बसा, वजन मागच्या चाकांवर पाहिजे, आणि अंगठा अर्धाच. हवा पण बघा. क्वाडच्या टायरला पाच-सहा पीएसआय पुरते, आणि रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचं मीटर तेवढं खाली नीट दाखवतच नाही, कमी दाबाचं वेगळं मीटर घ्या. तेवढ्या हवेत तुरीचे खुटं मात्र टायरला फाडतात, शेतात सराव करणार असाल तर आधी चालून या.

आणि नजर. ही गोष्ट मला कोणत्या व्हिडिओनं नाही शिकवली, आमच्या मोठे बाबांनी शिकवली, ते पटाचे धुरकरी होते, बंदीआधीपर्यंत जोडी हाकली त्यांनी. म्हणायचे, "झेंडी पाऊ नको, झेंडीवाल्याचा खांदा पाय." हात खाली यायच्या आधी खांदा हलतोच, ते आधी दिसतं. त्या एवढ्याशा वेळात बैल एक पाऊल टाकतात. मोठ्या मोटोक्रॉस रेसमध्ये झेंडी नसते, गेट पडतं, एफआयएमच्या, म्हणजे मोटरसायकल रेसच्या जागतिक संघटनेच्या, नियमात १५ सेकंदांचा फलक दाखवतात, मग ५ चा, आणि त्यानंतर ५ ते १० सेकंदांत कधीही गेट पडतं, तिथं फलकाकडे बघत राहिलात की गेलात, गेटच्याच एखाद्या ठिकाणी डोळा लावून बसायचं. अमेरिकेत जीएनसीसीच्या लांब पल्ल्याच्या रेसमध्ये तर इंजिन बंद ठेवून उभं करतात, इशारा झाला की चालू करून निघायचं, तिथं तुमचं सेल्फ एका झटक्यात लागलं पाहिजे. तुमच्याकडे कसं सोडतात ते तुम्ही लिहिलं नाही. जसं सोडतात तसाच सराव करा, म्हणजे कोणालातरी दुपट्टा घेऊन समोर उभं करा.

मी पुढच्या उन्हाळ्यात काय केलं ते सांगतो. धुऱ्यापासून कडुनिंबापर्यंत चाळीस पावलं मोजली, लहान भावाच्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच दिलं, पहिल्या गेरवर दहा वेळा, दुसऱ्यावर दहा वेळा, आलटून पालटून, म्हणजे जमीन एकाच बाजूनं उकरली असं कोणी म्हणायला नको. जोडी-जोडीनं पाहिलं तर दहापैकी आठ वेळा दुसरा गेर पुढे. मग जुना दात परत बसवला, परत दहा वेळा, तेव्हा दहाच्या दहा. वहीत लिहून ठेवलंय. भाऊजींना वही दाखवली तर म्हणाले मोजणारा तुहाच भाऊ हाये. घ्या.

आता खरं सांगायचं तर त्या दिवशी माझंही चुकलं होतं. क्लच मी चारी बोटांनी धरला होता आणि भीतीनं नाही पण घाईनं एकदम सोडला, आणि झेंडीवाल्याचा खांदा बघायचा सोडून डावीकडच्या पोराच्या सायलेंसरकडे बघत होतो. मोठे बाबांनी ते ओट्यावरून पाहिलं होतं, नंतर एकट्यात बोलले, भाऊजींसमोर नाही. म्हणजे दुसऱ्या गेरवर असतो, मुरमावर असतो, तरी पहिला आलो असतो असं मी म्हणणार नाही. तिसरा आलो असतो.

अजून एक राहिलं. तुमची गाडी पोलारिसच्या फिनिक्स २०० सारखी ऑटोमॅटिक असती तर वरचं क्लचचं आणि गेरचं सगळं बाद, त्यात बेल्ट असतो, ब्रेक आणि रेस दोन्ही दाबून वाट बघत बसलात तर बेल्टचा वास येईल आणि मग बेल्टच येईल हातात. आणि घरी बनवलेल्या गाडीला पायाजवळ दोन चाकांच्या मधे नर्फ बार, म्हणजे बाजूचा आडवा संरक्षक दांडा, नसेल तर आधी तो लावा, स्टार्टच्या गर्दीत दुसऱ्याचं पुढचं चाक तुमच्या मागच्या चाकावर चढलं की गाडी उलटते, मी पाहिलंय, त्या पोराचं कॉलरबोन गेलं. इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी मनगटाला. हेल्मेटचं सांगत नाही.

स्प्रॉकेट बदलायच्या आधी मी केलं तसं मोजा, दहा आणि दहा, आणि आकडे इथं खाली टाका. जमलं तर भाऊबीजेच्या आधी टाका, भाऊजी येणारेत, आणि तुम्ही काही माझे भाऊ नाही.