रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० टीआय ग्राफिक्स कार्ड असलेल्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) जळाला. बदली कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिले आहे की, अकोल्यात भर दुपारी गेम चालू असताना कॉम्प्युटर अचानक बंद पडला, जळका वास आला, आणि आता दुकानदार जुन्या ५०० वॅटच्या एसएमपीएसऐवजी अनोळखी नावाचा, पण खोक्यावर ‘७५० वॅट’ छापलेला, नावाजलेल्या कंपनीच्या निम्म्या किमतीचा एसएमपीएस सुचवतो आहे. घरी इन्व्हर्टर आहे, हेही तुम्ही सांगितले आहे. माझे स्पष्ट मत असे की तो ७५० वॅटचा एसएमपीएस घेऊ नये. त्याच्या जागी चांगल्या मालिकेतला ६५० वॅटचा घ्यावा, आणि तो जोडण्यापूर्वी घरातले अर्थिंग तपासून घ्यावे.

आधी तुमच्या कॉम्प्युटरला वीज किती लागते ते पाहू. रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणून विकला जातो, परंतु मूळ सेटिंगवर तो मदरबोर्डवरच्या सॉकेटमधून ७६ वॅटपर्यंत घेऊ शकतो. आरटीएक्स ३०६० टीआयची मर्यादा २०० वॅट आहे. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांचे मिळून ५० वॅट धरले, तरी एकूण मागणी ३३० वॅटच्या आसपास राहते. असे असूनही एनव्हिडिया या कार्डासाठी ६०० वॅटची शिफारस करते, आणि त्यामागे कारण आहे. या पिढीतली कार्डे काही मिलिसेकंदांपुरती आपल्या मर्यादेच्या बरीच वर उसळी घेतात. सरासरी ३३० वॅट असली तरी ती उसळी एसएमपीएसला झेलता आली नाही, तर त्याचे संरक्षण कार्यान्वित होते आणि गेमच्या ऐन मध्यात पडदा काळा होतो. म्हणून ५५० वॅटचा उत्तम एसएमपीएसही चालेल, पण पुढे कार्ड बदलण्याचा विचार असेल तर ६५० योग्य. त्याहून मोठ्या आकड्यासाठी पैसे मोजण्याची तुम्हाला गरज नाही.

दुकानात खोके हातात घेतल्यावर पुढच्या बाजूचा आकडा वाचू नका. एसएमपीएसच्या अंगावर चिकटवलेला तक्ता वाचा. त्यात ३.३, ५ आणि १२ व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर मिळतात ते छापलेले असते. आजच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे ग्राहक १२ व्होल्टवरच चालतात, त्यामुळे खरी कुवत त्या एका लाइनवर ठरते. चांगल्या ६५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टपुढे ५४ अँपिअर लिहिलेले आढळते. ५४ गुणिले १२ म्हणजे ६४८ वॅट, अर्थात जवळजवळ सगळीच शक्ती जिथे हवी तिथे आहे. अशा रचनेत ३.३ आणि ५ व्होल्ट हे १२ व्होल्टपासून वेगळ्या छोट्या कन्व्हर्टरने तयार केले जातात. जुन्या पद्धतीच्या स्वस्त रचनेत ५ आणि १२ व्होल्टचे नियमन एकत्र बांधलेले असते. कार्डाने १२ व्होल्टवर भार टाकला की तो दाब (व्होल्टेज) खाली येतो आणि ५ व्होल्टचा वर सरकतो. कॉम्प्युटरच्या एसएमपीएससाठीच्या एटीएक्स मानकानुसार १२ व्होल्टची लाइन ११.४० ते १२.६० याच पट्ट्यात राहिली पाहिजे.

हे मी स्वतःच्या नुकसानीतून शिकलो आहे. पुण्यात शिकत असताना मी नवे ग्राफिक्स कार्ड घेतले आणि पैसे संपल्यामुळे ‘५०० वॅट’ असे लिहिलेला एक स्वस्त एसएमपीएस बसवला. तीन महिने कॉम्प्युटर गेम सुरू केल्यावर आपोआप रीस्टार्ट होत असे. मी रॅम बदलली, विंडोज दोनदा नव्याने टाकले, कार्ड मित्राच्या मशीनमध्ये लावून पाहिले. संशय सगळ्यांवर घेतला, एसएमपीएसवर मात्र घेतला नाही. मे महिन्यात एका दुपारी तो गेला, आणि जाताना मदरबोर्ड व हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेला. त्या डिस्कवरचे माझे शेवटच्या वर्षाचे प्रकल्पाचे काम पुन्हा मिळाले नाही. नंतर मी तक्ता वाचला, तेव्हा १२ व्होल्टपुढे १८ अँपिअर होते, म्हणजे फक्त २१६ वॅट. तुमचा मदरबोर्ड आणि कार्ड अजून शाबूत असतील, तर ते केवळ संरक्षणामुळे किंवा सुदैवाने. दुसऱ्यांदा त्यांना त्या जोखमीत टाकू नका.

म्हणूनच संरक्षणांची यादी पाहणे मला वॅटइतकेच महत्त्वाचे वाटते. जादा दाब, कमी दाब, जादा विद्युतप्रवाह, जादा भार, शॉर्ट सर्किट आणि जादा तापमान या सहाही संरक्षणांचा उल्लेख उत्पादनाच्या माहितीत असावा. स्वस्त एसएमपीएसमध्ये तापमानाचे संरक्षण बहुधा वगळलेले असते, आणि अकोल्यासारख्या ठिकाणी नेमके तेच लागते.

‘८० प्लस’च्या ब्रॉन्झ, गोल्ड या पदव्यांविषयी बराच गैरसमज आहे. त्या फक्त कार्यक्षमता सांगतात, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती टक्के कॉम्प्युटरपर्यंत पोचते. ११५ व्होल्टवरच्या चाचणीत अर्ध्या भाराला ब्रॉन्झसाठी ८५ टक्के आणि गोल्डसाठी ९० टक्के हा निकष आहे. तुमच्या ३३० वॅटच्या भाराला हा फरक सुमारे २१ वॅटचा होतो. रोज चार तास खेळलात तर वर्षाला साधारण ३० युनिट. बचत आहे, पण मोठी नाही. सुरक्षिततेची हमी तर त्यात मुळीच नाही. २०२१ साली गिगाबाइटचे पी७५०जीएम आणि पी८५०जीएम हे गोल्ड पदवी असलेले एसएमपीएस स्वतंत्र परीक्षकांच्या चाचणीत जादा भाराखाली फुटले, आणि त्यानंतर कंपनीला जादा भाराच्या संरक्षणाची मर्यादा खाली आणावी लागली. शिवाय ८० प्लसची चाचणी २३ अंश सेल्सिअसला होते. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद कॅबिनेटच्या आत किती असेल, याचा विचार करा. त्यासाठी माहितीपत्रकात ‘५० अंशांना पूर्ण वॅट’ असे लिहिले आहे का ते पाहावे. काही एसएमपीएसची पूर्ण कुवत केवळ ४० अंशांपर्यंत सांगितलेली असते, आणि काहींच्या बाबतीत तापमानाचा उल्लेखच नसतो. आतले कपॅसिटर ८५ अंशांचे नसून १०५ अंशांचे असावेत, कारण तापमान दर १० अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते.

कंपनीचे नाव पाहून निवड करणेही पुरेसे नाही. एकाच नावाखाली उत्तम आणि सामान्य अशा दोन्ही मालिका विकल्या जातात, आणि पुष्कळ नामांकित कंपन्या स्वतः एसएमपीएस बनवत नाहीत. तैवानच्या चॅनल वेलसारख्या कारखानदारांकडून बनवून घेतात. त्यामुळे नेमका मॉडेल क्रमांक घेऊन त्याचे भार टाकून केलेले परीक्षण वाचावे. वॉरंटी हा त्यातल्या त्यात प्रामाणिक निर्देशांक आहे. सीसॉनिकची फोकस जीएक्स आणि कॉर्सेअरची आरएमएक्स या मालिकांना १० वर्षांची वॉरंटी मिळते. कॉर्सेअरची सीएक्स मालिका ५ वर्षांची आहे आणि तुमच्या कॉम्प्युटरला ती पुरेशी आहे. तुमच्या जागी मी असतो तर बजेट कमी असल्यास सीएक्स ६५० घेतला असता, आणि थोडे जास्त जमत असेल तर फोकस जीएक्स ६५०. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन घ्या, पण जीएसटीचे पक्के बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. वापरलेला एसएमपीएस मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकाची किंवा त्यानंतरच्या ३.१ ची तुमच्या कार्डाला गरज नाही. पुढे १६ पिनांच्या वीजजोडणीचे कार्ड घ्यायचे नक्की असेल तरच त्यासाठी जास्त पैसे द्या.

आता इन्व्हर्टरविषयी. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (मेनमधून वीज सुरळीत लहरीत ओढणारी रचना) असते, आणि वीज गेल्यावर तो पूर्ण भाराखाली साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. घरगुती इन्व्हर्टरला मेनवरून बॅटरीवर जायला त्याहून जास्त वेळ लागला, तर नवा एसएमपीएस निर्दोष असूनही कॉम्प्युटर बंद पडेल. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचे बटण असेल तर ते चालू ठेवा. चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर गेमिंग करूच नये. वेगळा यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीएचा अपुरा पडेल, कारण तो बहुधा ३६० वॅटचाच असतो आणि तुम्हाला मॉनिटरही चालवायचा आहे. १००० व्हीएचा पाहा.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असत का, हे आठवून पाहा. येत असतील तर अर्थिंग नाही, असे समजा. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर अर्थला जोडलेले असतात. अर्थिंग तुटले की कॅबिनेटवर मेनच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपासचा दाब तरंगत राहतो. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांमधला दाब मोजून घ्या. तो दोनतीन व्होल्टांपेक्षा जास्त असू नये.

जळालेला एसएमपीएस उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या जवळपासचा दाब काही काळ राहू शकतो. जुन्याच्या सुट्या केबली नव्याला लावण्याचा मोहही टाळा: कार्डाकडचे टोक सारखे दिसले तरी एसएमपीएसकडच्या पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीत, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही, वेगळा असतो, आणि चुकीच्या केबलीने एसएसडी एका क्षणात जातो. नवा बसवल्यावर सुरुवातीला ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क न जोडता फक्त मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम चालू करून पाहा. पंखे फिरून मदरबोर्डवरचे चाचणीचे दिवे प्रोसेसर आणि रॅम पार करून ग्राफिक्सच्या दिव्यावर थांबले (या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाही), की बंद करून बाकीचे जोडा. मग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) १२ व्होल्टचा आकडा पाहा आणि नेहमीचा गेम अर्धा तास चालवा. त्यातही कॉम्प्युटर बंद पडला, तर बिल घेऊन त्याच आठवड्यात दुकानात जा.