तिघांना तीन शाळा नकोत

प्रश्न: ताई, जूनपासून तिन्ही मुलांना घरीच शिकवायचं ठरलंय. थोरला 13 वर्षांचा, मधली 9 ची, धाकटा 5 चा. तिघांचं वेगवेगळं टाइमटेबल करायला बसले तर सकाळी आठ ते रात्री आठ सगळं भरून गेलं, मग स्वयंपाक कधी करू? वर्षाचं प्लॅनिंग कसं जमवायचं? — एक आई, मुलुंड

उत्तर: ते टाइमटेबल आधी बाजूला ठेवा बघू. गणित आणि वाचन ज्याचं त्याला द्या, सकाळीच उरकून टाका, बाकी विज्ञान-भूगोल-इतिहास तिघांना मिळून एकच विषय घ्या, फक्त काम ज्याच्या त्याच्या वयाचं.

आता भरती-ओहोटीच घ्या ना. आपल्या किनाऱ्यावर जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, म्हणजे अष्टमीला आठची पाऊणपट सहा, तर साधारण सहाच्या सुमारास भरती आणि मग सहाएक तासांनी ओहोटी. धाकट्याने रोज कॅलेंडरवर चंद्र काढायचा, मधलीने पाऊणकी करून वेळ सांगायची, आणि थोरल्याने हे शोधायचं की या हिशोबाने भरती रोज पाऊण तास पुढे जाते पण खरी सरासरी 50 मिनिटांच्या आसपास का येते. मग थंडीत एखाद्या दिवशी ओहोटीची वेळ मुलांनीच काढायची आणि त्यांना घेऊन हाजी अलीच्या खडकांवर जायचं, खेकडे शंख काय दिसेल ते वहीत. एवढ्यात तिघांचा महिना जातो, खरंच!

वर्ष पावसाप्रमाणे आखा. जून ते सप्टेंबर घरातलं काम, उघड्या जागी सरळ बाजूंची बरणी ठेवून रोज पाऊस मोजा, थोरल्याला कुलाबा आणि सांताक्रूझच्या वेधशाळांच्या आकड्यांशी ताडून बघू दे, 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पडला होता, तो आकडा तुमच्या बरणीत मावतो का ते बघायला सांगा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बाहेर, बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली कान्हेरी लेणी (सोमवारी पार्क बंद असतं), भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय (ते बुधवारी बंद). गर्दीची लोकल गेल्यावर अकराच्या सुमारास निघा. पुस्तकांना खर्च नको, बालभारतीची पीडीएफ फुकट मिळते.

थोरल्याचं मात्र वेगळं बघावं लागेल, इथे ढिलाई नको. एनआयओएसच्या (शाळेत न जाता परीक्षा देता येणारं राष्ट्रीय मुक्त विद्यालय) दहावीला वय 14 पूर्ण लागतं, म्हणजे हेच तयारीचं वर्ष. पाच विषय असतात, परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी दोनदा होते, रजिस्ट्रेशन पाच वर्षं चालतं, त्यामुळे एकेक विषय सोडवला तरी चालतो. पाच विषय कुठले ते त्याच्याशी बोलून दिवाळीच्या आत ठरवा, आणि त्याच्या अभ्यासाला दुपारचे दोन तास धाकटा झोपलेला असताना राखून ठेवा.