गांजाच्या याचिकेसाठी दुकानाबाहेर सह्या: ओहायोत काय चाललं, काय नाही

तुम्ही विचारलंय की अमेरिकेचं नागरिकत्व मिळालंय, गांजा कायदेशीर करण्याच्या याचिकेसाठी (पुरेशा मतदारांच्या सह्या मिळाल्या की प्रश्न मतपत्रिकेवर जातो) दुकानांबाहेर सह्या गोळा करायच्या आहेत, तर मॅनेजर हाकलतो का आणि लोक थांबतात का. मी २०२३ च्या उन्हाळ्यात ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात हेच काम केलं, त्यामुळे ओहायोपुरतं सांगतो. तुमच्या राज्याचे नियम वेगळे असतील, ते आधी वाचून घ्या.

हाकलतो, आणि हाकलायचा त्याला हक्क आहे. दुकानासमोरचा फुटपाथ सरकारी वाटला तरी बहुतेक वेळा तो मालकाचाच असतो, पार्किंगसकट. कॅलिफोर्नियात मॉलमध्ये याचिका फिरवायला अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या प्रूनयार्ड निकालाचा आधार आहे, पण तो हक्क त्या राज्याच्या घटनेतला. ओहायोत ‘निघा’ म्हटलं की निमूट निघायचं. म्हणून आधी आत जाऊन विचारावं. छोट्या दुकानाचा मालक जागेवर हो किंवा नाही सांगतो. साखळी दुकानातला मॅनेजर ‘वरती विचारतो’ म्हणाला की समजून जा. खरं सांगायचं तर दुकानांपेक्षा मला जूनअखेरीस गुडेल पार्कातल्या कॉमफेस्ट नावाच्या महोत्सवात जास्त सह्या मिळाल्या. तिथे लोक निवांत असतात, कुणाच्या पिशवीत आइस्क्रीम वितळत नसतं.

लोक थांबतात, पण थांबले म्हणजे सही मिळाली असं नाही. आमच्या याचिकेच्या २ लाख २२ हजारांहून जास्त सह्या जमा झाल्या होत्या. तपासणीत वैध ठरल्या १,२३,३६७. हव्या होत्या १,२४,०४६. ६७९ कमी! नियमाप्रमाणे आणखी सह्या जमवायला दहा दिवसांची मुदत मिळाली म्हणून निभावलं, आणि नोव्हेंबरात आमचा प्रश्न ‘इश्यू २’ या नावाने मतपत्रिकेवर येऊन सुमारे ५७ टक्के मतांनी मंजूर झाला.

इतक्या सह्या बाद का होतात, ते क्लिपबोर्ड हातात घेतल्यावरच कळतं. एका फॉर्मवर एकाच काउंटीचे (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचे) मतदार चालतात. शहराच्या उत्तर टोकाला पोलॅरिसच्या बाजूला राहणारा माणूस ‘कोलंबस’ म्हणतो, पण त्याचं घर डेलावेअर काउंटीत असतं. कोलंबसचा बहुतेक भाग फ्रँकलिन काउंटीत येतो, त्या फॉर्मवर त्याची सही वाया. तेव्हा गाव नाही, काउंटी विचारा, आणि दोन-तीन काउंट्यांचे फॉर्म वेगवेगळे ठेवा. घर बदललेल्याने मतदारयादीतला पत्ता बदललेला नसतो. बायको गाडीत बसलीय म्हणून नवरा तिचीही सही ठोकायला बघतो. तिला खाली उतरवा. त्यात त्याच उन्हाळ्यात गर्भपाताच्या हक्काची याचिकाही फिरत होती, त्यामुळे ‘मी केलीय हो सही’ म्हणणाऱ्याला ‘कशावर?’ असं विचारावंच लागायचं. फॉर्मखाली तुम्ही किती सह्या डोळ्यांदेखत झाल्या ते लिहून देता. तो आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी पडला तर अख्खा फॉर्म जातो, आणि खोटं लिहिलं तर तो गंभीर गुन्हा आहे. क्लिपबोर्ड बाकावर ठेवून चहा प्यायला जाऊ नका.

भाषण देऊ नका. ‘नोंदणीकृत मतदार आहात का? कुठल्या काउंटीत?’ एवढंच आधी. मग कोणी विचारलं तर याचिकेत काय आहे ते नेमकं सांगा. आमच्या याचिकेत होतं: २१ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी, अडीच औंसांपर्यंत बाळगायला मुभा, माणशी सहा रोपं, घरात जास्तीत जास्त बारा. ‘मला गांजा आवडत नाही’ म्हणणाऱ्याला एकदाच सांगायचं की ही सही फक्त प्रश्न मतपत्रिकेवर यावा म्हणून आहे, मत नंतर विरोधात दिलं तरी चालेल. आमच्याकडे बरेच जण यावर सही करायचे.

आता खास आपल्या लोकांबद्दल. देशी किराणा दुकानाबाहेर उभे राहणार असाल तर ओळखीचे काका-काकू भेटतीलच, आणि ‘तू पण ना!’ म्हणत भिडेखातर पेन हातात घेतील. त्यातले कितीतरी एच-वन व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असतात, म्हणजे नागरिक नसतात. त्यांना सही करू देऊ नका. ती बाद होईल हे तर झालंच, पण नागरिक नसताना मतदार म्हणून सही करणं इमिग्रेशनच्या फाइलीत फार महागात पडू शकतं. शिवाय केंद्रीय कायद्यात गांजा बेकायदाच आहे, आणि राज्यात मुभा असली तरी गांजाशी संबंध नागरिकत्वाच्या अर्जात आड येऊ शकतो, असं इमिग्रेशन खात्याने २०१९ मध्येच स्पष्ट केलंय. तेव्हा ‘आम्ही घेतो कधीमधी’ वगैरे गप्पा क्लिपबोर्डपाशी रंगायला लागल्या तर विषय बदला.