उन्हाळ्यात कूलर बसवताना खिडकीचे ब्लाइंड काढावे लागतात. दर वेळी ड्रिल न करता ब्रॅकेट काढता-घालता येईल, असं डिझाइन कसं करावं?

नागपुरात हा प्रश्न दर मार्चला येतो, माझ्याकडेही आला होता. दर वर्षी स्क्रू काढून पुन्हा घातले की भिंतीतला प्लग (स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी) सैल होतो आणि ब्लाइंड लोंबायला लागतो. म्हणून स्क्रू भिंतीतच राहू द्या, सुटायला हवा तो फक्त ब्रॅकेट.

त्यासाठी ब्रॅकेटच्या पाठीला कुलपाच्या चावीच्या भोकासारखी खाच करा: खाली रुंद भोक, वर अरुंद खाच. स्क्रू 5 मिमीचा आणि त्याचं डोकं 10 मिमी असेल, तर भोक 11 मिमी, खाच साडेपाच मिमी. ब्रॅकेट डोक्यावरून घालून खाली ओढला की वजनानेच बसतो, साखळी ओढली तरी आणखी घट्ट होतो. एका ब्रॅकेटला दोन खाचा ठेवा, नाहीतर तो फिरतो. काढताना तो वर उचलावा लागतो, त्यामुळे वर पेलमेट (पडद्याचा दांडा झाकणारी पेटी) किंवा स्लॅब असेल तर किमान 15-20 मिमी जागा मोकळी सोडा. हे बहुतेक जण विसरतात! लहान मुलं असतील तर खालून हाताने फिरवायचा एक स्क्रू लावा, म्हणजे धक्क्याने निसटणार नाही.

थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए (थ्रीडी प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक) नको. ते साधारण 60 अंशांना मऊ पडतं, आणि मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीची काच किती तापते हे आपल्याला माहीत आहेच. दीड-दोन मिमीची लोखंडी पट्टी सगळ्यात भरवशाची. दुहेरी टेपवर तर अजिबात विसंबू नका.