२४ वर्षांचा आहे, नाशिकमध्ये राहतो, घरच्या घरी ५४० किक (मार्शल आर्ट्समधली, हवेत गिरकी घेऊन मारायची किक) शिकता येईल का?

येईल, पण गच्चीवर नको भाऊ. मी तेच केलं होतं, कोब्यावर, आणि घोटा असा मुरगळला की दीड महिना रिक्षाने ऑफिस. गोल्फ क्लब मैदानावर सकाळी सहाला जा, ट्रॅक सोडून गवताचा किंवा मऊ मातीचा तुकडा बघ, पावसाळ्यात मात्र नको कारण चिखलात उडी मारणारा पाय सटकतो. तालमीत ओळख असेल तर आखाड्याची उकरलेली लाल माती सगळ्यात भारी.

आता मेन गोष्ट, आधी टॉर्नेडो किक (तशीच गिरकीची, पण सोपी किक) पक्की कर. दोन्हीत उडी उजव्या पायावरून, किक पण उजव्यानेच, फरक एवढाच की टॉर्नेडोत डाव्या पायावर उतरतो आणि ५४० मध्ये डावा पाय वर दुमडून ठेवायचा अन किक मारलेल्या उजव्यावरच उतरायचं. सगळे इथेच अडकतात, घाबरून डावा खाली टाकतात. म्हणून आधी किक न मारता नुसता डावा गुडघा छातीकडे खेचून, गिरकी घेऊन उजव्यावर उतरायची सवय लाव, दिवसाला १५-२० वेळा बास झालं. आणि मान आधी फिरव, अंग मागून येतंच. नाव ५४० असलं तरी हवेत साधारण ३६० च फिरतो, बाकीचं वळण जमिनीवरच होतं, त्यामुळे वाटतं तेवढं भयंकर नाहीये.

मोबाईल बाटलीला टेकवून स्लो मोशनमध्ये शूट कर, चूक लगेच दिसते. बॅकफ्लिप मात्र एकट्याने अजिबात नको, जिम्नॅस्टिक्सवाला कोच आणि गादी लागतेच.