गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी जपणारं अ‍ॅप बनवायचंय, सुरुवात कुठून करू?

हुंकाऱ्यापासून करा. आमच्याकडे कोणी गोष्ट सांगायला बसलं की ऐकणाऱ्यानं मधूनमधून ‘हूं’ म्हणावंच लागतं. हुंकारा थांबला की सांगणारा विचारतो, ‘झोपला काय रे?’

मी नरखेड तालुक्यातला. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरानं मोवाड उद्ध्वस्त झालं, तेव्हा माझी आजी तिथेच होती. तिची आठवण जपावी म्हणून मी पाटावर मोबाइल ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि बाहेर गेलो. तिनं पदर सावरला, नाव-गाव सांगितलं, ‘पूर आला, लय नुकसान झालं’ म्हणाली आणि गप्प झाली.

दोन दिवसांनी ती तुरीची डाळ पाखडत होती. तिला सांगूनच मोबाइल चालू ठेवला, पण या वेळी जवळ बसलो आणि नुसतं हूं हूं करत राहिलो. आजी सांगत सुटली. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ. त्यात हात घालघालून तिनं पाणी भरायचा पितळी गुंड, म्हणजे हंडा, शोधला. ‘गुंड सापडला रे बाबू, पण जिच्यासंगं पाण्याले जात होती, थे नाई सापडली.’ मग सूप हातात तसंच धरून बराच वेळ बसली. पुढे जे बोलली ते इथे लिहीत नाही.

म्हणून प्रश्न स्क्रीनवर लिहून देऊ नका, नातू पुण्यात असला तरी त्याच्याच आवाजात ऐकवा. आजीचं उत्तर ऐकून त्यानं दोन शब्द बोलल्याशिवाय पुढचा प्रश्न जाऊच देऊ नका. मधली शांतता कापू नका, आणि दुप्पट वेगानं ऐकायची सोय तर मुळीच नको. स्मार्टफोनचीही अट नको. छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरींनी सुरू केलेल्या ‘सीजीनेट स्वर’वर लोक साध्या फोनवरून मिस्ड कॉल देत आणि आपलं म्हणणं आपल्या बोलीत, गोंडीतसुद्धा, रेकॉर्ड करत.

आणखी एक. खेड्यात बाईचा फोन बऱ्याचदा तिच्या एकटीचा नसतो. संध्याकाळी तो पोरांच्या नाहीतर नवऱ्याच्या हातात असतो, म्हणजे तिचं रेकॉर्डिंगही त्यांच्या कानावर पडणार. पासवर्डानं हे सुटत नाही, कारण तो घालून देणाराही घरचाच.

आजीला ते रेकॉर्डिंग मी पूर्ण ऐकवलं. ती म्हणाली, ‘हे तिच्या पोराले आयकवजो, बाकी कोणाले नोको.’ तेव्हा प्रत्येक रेकॉर्डिंग संपलं की तुमच्या अ‍ॅपनं एवढंच विचारावं: हे कोणाला ऐकवू? आणि उत्तरही बोलूनच घ्यावं.